चिंध्याचा वीर

लाईट गेली? बरं झालं. नाहीतर तुम्ही लोक माझ्याजवळ कशाला बसता. नवीन, ती सतरंजी इकडे ओढ. पुनम, मोबाईल उपडा ठेव बाई, उजेड थेट डोळ्यात जातो. खाली घरात नुसती भट्टी झालीय, इथे गच्चीवर निदान तळ्यावरचा वारा तरी लागतो. मेहरूणला घर घेतलं तेव्हा तुमचा बाप म्हणाला होता, नाना, इथे लाईट कधी जात नाही. आता बस म्हणावं पंखा हलवत.

भुताची गोष्ट पाहिजे तुम्हाला. आता भूत काही मी पाहिलेलं नाही. उभा जन्म एसटी चालवली, साक्रीकडच्या घाटांतून रात्री-अपरात्री गाडी काढली, पण मला एक भूत आडवं आलं नाही. आडव्या आल्या त्या म्हशी. तेव्हा माझ्या नावावर काही खपवू नका. ही गोष्ट ज्ञानेश्वरची. आपल्या आमोदखेड्याचा, माझ्या मावसभावाचा मुलगा, दिवाळीला भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन येतो तो. त्याला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला अक्कल लागते, ती देवानं त्याला दिली नाही. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगता सांगता कपातला चहा निवून त्यावर साय आली तरी त्याला शुद्ध नव्हती.

होळीचा दिवस होता. दोन हजार पंचवीस, तेरा मार्च, गुरुवार. दुपारी ज्ञानेश्वर मोटरसायकल घेऊन साक्रीला गेला. काम साधंच. पोरांसाठी साखरेचे हार-कडे आणायचे, आणि शेजारच्या रुपचंदसाठी एक नारळ आणि एक नवा शेला. रुपचंदच्या घरचा जुना शेला उंदरांनी कुरतडला होता. तो जाड हातमागाचा होता, ओला करून पिळला की दोर व्हायचा. तसा आता बाजारात कुठे मिळतो? दुकानदारानं लाल साटीनचा काढून दिला, कडेला सोनेरी झालर. ज्ञानेश्वरला आवडला. आमच्या लोकांना चकचकीत दिसलं की संपलं. बांधला तर त्याला गाठ बसेल का, एवढं कोण बघतो.

शेला कशाला, असं विचार ना नवीन. तुम्ही जळगावात वाढलेले, तुम्हाला वीर माहीत नाही. आपल्याकडे घरातला कोणी तरणाताठा लढाईत, मारामारीत गेला तर त्याचा चांदीचा टाक करतात, म्हणजे पत्र्यावर ठोकलेली छोटी मूर्ती, आणि ती देव्हाऱ्यात ठेवतात. होळीच्या रात्री घरातला एक पुरुष आंघोळ करून तो टाक आणि नारळ फडक्यात बांधून हातात घेतो. डफ वाजला की वीर अंगात येतो. होळीभोवती पाच फेरे घ्यायचे आणि घरी यायचं. वीराला भान नसतं, तो जाळातही जाईल, म्हणून त्याच्या कमरेला शेला बांधून दोन धट्टेकट्टे गडी मागून धरतात. घरी आला की आई उंबऱ्यावर त्याचे पाय धुते, टाक देव्हाऱ्यात जातो आणि माणूस भानावर येतो. हे सगळं होळी विझायच्या आत व्हायला पाहिजे. नाही झालं, तर वीर ज्या मरणानं गेला त्याच मरणानं त्या अंगालाही नेतो. असं आमचे म्हातारे सांगायचे. मी आपला सांगतो, तुम्ही माना की नका मानू.

रुपचंदच्या घरचा वीर म्हणजे चिंधा.

नाव ऐकून हसू नका रे. त्याच्या आईची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. तिसरा झाला तेव्हा तिनं त्याचं नाव चिंधा ठेवलं. यमानं बघावं आणि म्हणावं, ही तर चिंधी, ही काय न्यायची. यमानं खरंच नेलं नाही. न्यायला दुसरेच आले.

बेचाळीसचा ऑगस्ट. देशभर 'चले जाव' पेटलेलं. आपल्या खेड्यातून वडबारीच्या कचेरीवर मिरवणूक निघाली, दीड-दोन कोसांची वाट. झेंडा चिंध्याच्या हातात. सोळा वर्षांचं पोर, मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. त्याची धाकटी बहीण ताईबाई तेव्हा आठेक वर्षांची असेल. ती रडत रडत नाल्यापर्यंत त्याच्या मागे गेली, त्याच्या बंडीचं टोक मुठीत धरून. सोडायलाच तयार नाही. चिंध्यानं तिचं एकेक बोट सोडवलं आणि म्हणाला, "घर जाय. सांजले येस मी."

कचेरीच्या फाटकाशी पोलिसांनी मिरवणूक अडवली. माणसं थांबली, चिंधा थांबला नाही. गोळी छातीत लागली. प्रेत घरच्यांना दिलं नाही, पोलिसांनीच रातोरात नदीवर जाळून टाकलं. आईनं ना तोंड पाहिलं, ना तिला राख मिळाली. मग तिनं सोनाराकडून टाक घडवून घेतला. सोनारानं दिला नेहमीचाच, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. चिंधा जन्मात कधी गाढवावरही बसला नसेल. पण वीर म्हटला की घोडा आणि तलवार, सोनाराचा साचा तोच.

आता वडबारीला कचेरीसमोर खांब आहे, त्यावर चिंध्याचं नाव कोरलंय. तुम्हाला दिसणार नाही. त्याच्यावर बारा महिने कुठल्या ना कुठल्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पंधरा ऑगस्टला सकाळी काढतात, संध्याकाळी परत टांगतात. मला एवढा संताप येतो ना... जाऊ दे. गोष्ट राहील बाजूला.

तर ती ताईबाई. रुपचंदची आत्या, अख्खं गाव तिला आक्का म्हणतं. लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती माहेरी आली ती तिथेच राहिली. नव्वदी ओलांडली. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, कंबरेचा मणका मोडला, तेव्हापासून खाटेवरच. खाणं-पिणं, सगळंच खाटेवर. पायांच्या काड्या झालेल्या. बोलणंही आटलेलं. फक्त दिवेलागण झाली की विचारायची, "सांज झायी का?" रुपचंदची बायको कमलबाई म्हणायची, हो आक्का, झाली. मग ती दाराकडे बघत पडून राहायची. रोज. कमलबाईला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

दरवर्षी वीर रुपचंद घ्यायचा. त्या वर्षी तो ट्रॅक्टरवरून पडला, उजवा हात प्लास्टरात. मग घ्यायचा कोणी? त्याचा मुलगा भूषण. एकुलता एक, विशीतला, शिरपूरला फार्मसी शिकतो. होळीला सुट्टीवर आला होता. पोरगा चांगला, पण तुमच्यासारखाच, कशावर विश्वास नाही. डफाच्या तालानं डोकं गरगरतं, बाकी काही नसतं, असं तो ज्ञानेश्वरला समजावून सांगत होता. बापाच्या समाधानासाठी घेतो म्हणाला. आंघोळ करून पांढरी बंडी आणि धोतर नेसला, आरशासमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढले आणि मित्रांना पाठवले.

कमलबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शेला धरायला एका बाजूला ज्ञानेश्वर होता, दुसऱ्या बाजूला रुपचंदचा मेहुणा. निघताना तिनं ज्ञानेश्वरला चुलीच्या खोलीत बोलावून घेतलं.

"भाऊ," ती म्हणाली, "मना एकच शे. सोडजो नको."

ज्ञानेश्वरनं तिला सांगितलं, वहिनी, माझा हात तुटेल पण शेला सुटणार नाही.

आता त्या वर्षी गावानं एक शहाणपणा केला होता. आपली होळी पिढ्यान्पिढ्या वेशीच्या आत, मारुतीसमोरच्या चौकात पेटायची. पण चौकात नवीन काँक्रीट झालं होतं. जाळानं काँक्रीट तडकेल, म्हणून सरपंच म्हणाले, यंदा होळी नाल्यापलीकडे घेऊ, वडबारीच्या रस्त्याला मोकळी जागा आहे तिथे. सगळ्यांना पटलं. गाड्या लावायला जागा, पोरांना डीजे लावायला जागा. होळीची जागा हलवू नये, असं एकही म्हातारा बोलला नाही. बोलला असता तरी कोणी ऐकलं असतं? आमचं तोंड म्हणजे फुटका भोंगा.

आणि त्या रात्री भद्रा होती. त्यामुळे मुहूर्त उशिरा, साडेअकराच्या पुढे. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर आलेला, शेतं दुधासारखी उजळलेली. घरी आक्काच्या खाटेशी शेजारची प्रमिलाबाई बसली, कारण कमलबाईला उंबऱ्यावर थांबायचं होतं. होळी पेटली. बायकांनी नारळ वाहिले, पोरांनी बोंबा मारून घेतल्या. मग डीजे बंद झाला आणि डफ सुरू झाला.

पहिल्या फेऱ्याला भूषण हसत होता. ज्ञानेश्वरला ते पक्कं आठवतं, कारण त्यानं मागे वळून त्याला डोळा मारला. दुसऱ्या फेऱ्यालाही हसत होता. तिसऱ्या फेऱ्याला त्याची मान ताठ झाली. शेला एकदम ताणला गेला. दोन गडी ओढले जायला लागले.

आता हे नीट ऐका. चिंध्याचा वीर दरवर्षी असाच ओढायचा. होळीच्या पश्चिमेच्या बाजूला आला की पूर्वेकडे झेप घ्यायचा. लोक म्हणायचे, जाळात उडी मारायला बघतो, धरा रे तेले. ऐंशी वर्षं तेच म्हणत आले, ऐंशी वर्षं धरत आले. चौकात होळीच्या पलीकडे काय होतं? वेस. वेशीपलीकडे नाला. नाल्यापलीकडे वडबारीचा रस्ता. वीराला जाळ नको होता, वाट पाहिजे होती. जाळ नुसता मध्ये होता. हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि त्या रात्री गावानं आपल्या हातानं होळी उचलून त्याच रस्त्यावर नेऊन ठेवली होती. वेस मागे, नाला मागे, समोर उघडी वाट.

चौथ्या फेऱ्याला भूषण पूर्वेकडे वळला आणि त्यानं झेप घेतली. साटीनची गाठ तुटली नाही. फाटली नाही. नुसती सरकली, ओल्या साबणासारखी. शेला ज्ञानेश्वरच्या हातात राहिला आणि वीर गेला.

लोक धावले. रुपचंद गळ्यातला हात सांभाळत धावला. पण भूषण काही पळत नव्हता, ज्ञानेश्वर सांगतो. चालत होता. साधं चालणं, बाजाराला जातो तसं. आणि तरी धावणाऱ्यांना गाठता येत नव्हता. थोडं पुढे जाऊन एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना थांबवलं. सुटलेल्या वीरामागे गर्दी करायची नसते. ज्याच्या हातून सुटला, त्यानंच त्याला आणायचं. सगळे थांबले. ज्ञानेश्वरनं मोटरसायकलला किक मारली.

रस्ता सरळ. चांदणं असं की दिवा लावायची गरज नव्हती. भूषण पुढे पांढरा दिसत होता. अनवाणी. डाव्या हातानं फडक्यात बांधलेला टाक आणि नारळ छातीला धरलेला. उजवा हात समोर धरलेला, मूठ वळलेली... त्या मुठीत काठी असावी तशी. ज्ञानेश्वर त्याच्या जवळ आला. हाक मारली, भूषण, ए भूषण. त्यानं मान वळवली नाही. ज्ञानेश्वरनं गाडी आणखी पुढे घेतली, त्याच्या खांद्याला हात घालायला.

आणि कोणीतरी त्याला कोपर मारलं.

रस्त्यावर कोणी नव्हतं. भूषण आणि तो. पण बरगडीत कोपर बसलं. मग खांद्याला खांदा लागला. मग पाठीला. यात्रेत माणूस गर्दीत सापडला की कसा रेटला जातो, तसा तो गाडीसकट रेटला गेला, रस्त्याच्या कडेला, मातीत. गाडी आडवी झाली. तो उठला. आजूबाजूला बघितलं. रिकामा रस्ता, रिकामी शेतं, हरभरा काढून झालेला.

पण ऐकू येत होतं. घोषणा नाही, बोलणं नाही. नुसते श्वास, नुसते पाय. खूप पाय. अनवाणी पायांचा मातीवर होतो तसा आवाज. आणि रस्ता डांबरी.

पुनम, सरक इकडे. काही नाही, माझ्याजवळ बस.

ज्ञानेश्वर परत फिरला असता, तर त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. तो मला म्हणाला, नाना, मी फिरलोच होतो. गाडीचं हँडल गावाकडे केलं होतं. पण उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली वहिनी दिसली... तिला काय सांगू? मग त्यानं गाडी तिथेच टाकली आणि चालायला लागला. त्या गर्दीच्या मागून. पुढे जायचा प्रयत्न केला नाही. तिच्यात मिसळून चालला. मग कोणी ढकललं नाही.

किती वेळ चालला, त्याला सांगता येत नाही. वडबारीचे दिवे दिसायला लागले. तिथली होळी कधीच बसली होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक कुत्रं उठलं, भुंकलं नाही, शेपूट घालून दुकानाच्या फळीखाली शिरलं. बाजारपेठ गेली. बँक गेली. वळण आलं.

वळणावरून कचेरी दिसते.

जुनी दगडी इमारत. आता तिथे गोडाऊन आहे. फाटक नवीन, लोखंडी. बंद. समोर तो खांब, त्याच्यावर फ्लेक्स.

पाय थांबले.

सगळे. एकदम.

भूषण थांबला नाही. तो एकटा पुढे चालत राहिला. फाटकाकडे. मूठ वर गेली. आणखी वर.

आणि फाटकाच्या आतून आवाज आला... कडक.

दाराची कडी सरकवावी तसा. मग दुसरा. तिसरा. एकामागून एक. ओळीनं.

ज्ञानेश्वरनं आयुष्यात बंदूक पाहिलेली नाही. पण त्याला कळलं. आता हे पोर पडणार. आत्ता. इथे. तो नुसता बघत उभा.

एक पाऊल.

आणखी एक.

आणि भूषण अडकला.

पाऊल उचललेलं, पण पुढे जाईना. ज्ञानेश्वरला वाटलं, कशात तरी धोतर गुंतलं. नाही... त्याच्या बंडीचं टोक. मागचं टोक. ते मागे ताणलं गेलं होतं. वारा नव्हता. कापड टोकाशी चुरगळलेलं, आत ओढलेलं, मुठीत धरावं तसं. आणि ते टोक जमिनीपासून किती उंचीवर? नवीन, आपल्या खालच्या मजल्यावरची छकुली आहे ना... तिचा हात पोचेल तेवढ्या.

भूषणनं हिसका दिला. कापड सुटलं नाही.

पुन्हा हिसका दिला. शिवण उसवल्याचा आवाज आला. टोक धरलेलंच.

मग तो वळला. खाली बघितलं. कमरेच्या उंचीला, जिथे काहीच नव्हतं. बराच वेळ बघत राहिला. डावा हात टाकासकट खाली आला. त्यानं ती मूठ सोडवायला बोटं नेली... जवळ नेली... आणि सोडवली नाही.

ज्ञानेश्वर म्हणतो, त्याचा चेहरा भूषणचाच होता, पण इतकं थकलेलं माणूस मी कधी बघितलं नाही. मग तो बोलला. त्या अख्ख्या रात्रीत तेवढंच. भूषण घरी कधी अहिराणी बोलत नाही, त्याला लाज वाटते.

"चाल," तो म्हणाला. "घर जाऊत."

वर धरलेली मूठ उघडली. हात खाली आला.

फाटकाच्या आत काही वाजलं नाही. मागे पाय हलले. पण आता एकत्र नाहीत. एक इकडे, दोन तिकडे, बाजार उठल्यावर माणसं पांगतात तसे. बोळांतून, शेतांकडे... मग काहीच ऐकू येईना.

भूषण परत निघाला. ज्ञानेश्वर त्याच्यामागे, अंतर ठेवून. वाटेत मातीत पडलेली गाडी उचलली आणि ढकलत आणली, चालू करायची हिंमत झाली नाही. येताना भूषण सावकाश चालत होता. मधेच थांबायचा, मग पुन्हा निघायचा. कोणीतरी बरोबर असावं आणि त्याची पावलं लहान असावीत, तसा. उजवा हात जरा बाजूला, खाली धरलेला.

पूर्वेला फटफटत होतं तेव्हा ते नाल्यावर आले. लोक बसलेलेच होते. होळीत अजून निखारे होते, रुपचंद एका हातानं त्यावर गोवऱ्या टाकत रात्रभर बसला होता, विझू नये म्हणून. सगळे बाजूला झाले. भूषण वेशीतून आत गेला, काँक्रीटच्या चौकातून गेला, घराच्या उंबऱ्याशी उभा राहिला. कमलबाईनं पाय धुतले. तांब्यातलं निम्मं पाणी तिच्याच मांडीवर सांडलं. टाक देव्हाऱ्यात गेला. आणि भूषण मटकन खाली बसला आणि म्हणाला, आई, मला भूक लागली. आणि माझी बंडी कोणी फाडली?

कमलबाई तेव्हा रडली. आधी रडायलाही घाबरत होती बिचारी.

पोरगं पोटभर जेवलं आणि झोपलं. आज ठणठणीत आहे. शिरपूरला परत गेला, शेवटचं वर्ष आहे. त्याला तिसऱ्या फेऱ्यानंतरचं काही आठवत नाही. ज्ञानेश्वरनंही त्याला सांगितलं नाही. कोणालाच सगळं सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, वडबारीला फाटकापर्यंत गेला आणि आपला आपण फिरला.

थांबा, उठू नका. झालं नाही अजून.

सकाळी चहा झाला. कमलबाई कप घेऊन आक्काच्या खोलीत गेली. प्रमिलाबाई खाटेला टेकून बसलेली, रात्रभर जागी. तिनं सांगितलं, म्हातारी शांत झोपली होती. मी हात तिच्या हातावरून काढला नाही. मधे एकदा तिचा श्वास फार भराभर चालला, धाप लागल्यासारखा, मी घाबरले. मग आपोआप सावकाश झाला. आणि मग ती झोपेतच हसली.

आक्का जागी होती. कमलबाईनं तिला आधार देऊन जरा उठवलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. तिनं दोन घोट घेतले. मग म्हणाली, "मना पाय दुखतस व."

तीन वर्षांत तिनं पायाबद्दल काही म्हटलं नव्हतं. कंबरेखाली तिला काही कळतच नव्हतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कमलबाईला वाटलं, म्हातारी भ्रमात बोलते. तरी तिनं गोधडी वर केली.

ज्ञानेश्वर तेव्हा दारात उभा होता. त्यानं बघितलं.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत धुळीनं पांढरे. टाचा सोललेल्या. अंगठ्याखाली फोड आलेले, त्यातला एक फुटलेला. आणि उजव्या तळव्यात काटा. बाभळीचा, हिरवा, अर्धा आत गेलेला.

कमलबाईनं कप खाली ठेवला. बांगडीतली पिन काढली, आक्काचा पाय मांडीवर घेतला आणि काटा उकरून काढला.

मागून रक्त आलं.